एकतिसावा भाग

ताई गेली त्यानंतरच्या चौथ्या रविवारी सकाळीच मास्तरांचा फोन आला, आज बसायचं का म्हणून. मी म्हटलं, बसू या की, न बसायला काय झालंय. कवळी गुरुवारी मिळेल, असं मी ज्या आवाजात दवाखान्यांना सांगतो, त्याच आवाजात हे बोललो. फोन ठेवला, दाढी केली आणि निघालो.

मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, मी प्लॅस्टरचा साचा ओततो, मेण चढवतो, दात बसवतो. तीस वर्षं हेच चाललंय. भुलीची सुई टोचल्यावर माणसाचा गाल कसा होतो हे मला सांगायला नको. गाल आहे हे ठाऊक असतं, बोटाने दाबून बघता येतो, पण तो आपला वाटत नाही. ताई गेल्यापासून माझं सगळंच तसं झालंय. रडू आलं नाही. येईल म्हणून दोन-तीनदा बसून वाट पाहिली, मग कंटाळून कामाला लागलो. नातेवाईक म्हणाले, धीराचा आहे. कसला डोंबलाचा धीर! एकच जागा ठसठसत होती. ताईने जाण्याआधी मला एक साधी गोष्ट विचारली होती आणि ती मी सांगितली नव्हती.

आमची बैठक ताईच्या लाँड्रीत, मागच्या खोलीत भरते. रविवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं असतं. मागे इस्त्रीचं लांब टेबल, त्यावर जाड कांबळं आणि डाग पडलेली पांढरी चादर. वरच्या दांडीला प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातलेले कोट टांगलेले असतात, उंच माणसाला मान वाकवूनच बसावं लागतं. चार माणसं, चार खुर्च्या आणि बटणांची एक बरणी. धुताना गळलेली आणि मालक न सापडलेली बटणं ताई त्या बरणीत टाकायची, आणि आम्ही त्या बटणांनी टेबलावर लढाया मांडायचो. काळी बटणं एका बाजूची, पांढरी दुसऱ्या बाजूची, कोटाची मोठी पितळी बटणं म्हणजे तोफा.

तुम्ही नक्की करता काय, असं कुणी विचारलं तर सांगायला थोडी लाजच वाटते. उतारवयाला लागलेली चार माणसं आठवडाभर जुन्या युद्धांबद्दल वाचतात, नाहीतर कानात घालून ऐकतात, आणि रविवारी एकमेकांना सांगतात. कुणीही कधी बंदूक हातात धरलेली नाही. कंपाउंडरने तेवढं लोकांना टोचलंय, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर.

मास्तर भूगोलाचे, आता निवृत्त. नदी कुठे आणि टेकडी कुठे हे ठरल्याशिवाय ते एकही बटण हलवू देत नाहीत. कंपाउंडर फक्त पोटापाण्याचं वाचतो. सैन्याला रोज पीठ किती लागायचं, बुटांचे तळ कितव्या दिवशी फाटले, घोड्यांपुढे काय टाकलं. लढाई कोण जिंकलं हे त्याला कधीकधी आठवतही नाही. मला माघारीचं वेड. जिंकणाऱ्यांच्या गोष्टींत मला काही राम वाटत नाही. हरलेलं सैन्य पाय ओढत परत कसं येतं, शेवटचा पूल कोण उडवतं, मागे कोण राहतं, ते मी वाचतो. ताई म्हणायची, जन्मात कधी एक पाऊल मागे घेतलं नाहीस आणि वाचतोस मात्र माघारी. ताईचे स्वतःचे वेढे. किल्ल्यात कोंडलेली माणसं, बाहेर शत्रू आणि आत दिवस ढकलणं. बावीस वर्षं लाँड्री चालवल्यावर माणसाला दुसरं काय आवडणार, असं तीच हसून म्हणायची.

बैठकीची एक रीत आहे. ज्याची पाळी असेल त्याला बाकीचे आधी विचारतात, "कुठवर आलात?" त्याने पान नाहीतर भाग सांगायचा आणि मगच तोंड उघडायचं. ही रीत पडली त्यामागे कंपाउंडरचा आगाऊपणा आहे. मास्तर एक सातशे पानांचं जाडजूड पुस्तक चवीचवीने वाचत होते. चारशेव्या पानावर असताना कंपाउंडर चहा ओतता ओतता बोलून गेला की तो सेनापती पुढे आपल्याच शिपायांच्या गोळ्यांनी मरतो. मास्तर तीन रविवार फिरकले नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन म्हटलं, अहो, तो माणूस मरून शंभराच्या वर वर्षं झाली, शाळेतल्या पोरांना ठाऊक आहे. मास्तर म्हणाले, मला ठाऊक नव्हतं.

तेव्हा ताईने नियम केला. जो अजून तिथवर पोहोचला नाही, त्याला शेवट सांगायचा नाही. आणि ज्याचं त्यानेही मधली पानं गाळून शेवटावर उडी मारायची नाही. मोडेल त्याने बरणीतली सगळी बटणं रंगाप्रमाणे निवडून ठेवायची. बरणी पाच किलोची आहे. कंपाउंडरने ती दोनदा निवडली, मास्तरांनी एकदा. मी एकदाही नाही. नियम पाळण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

गेल्या वर्षी ताईची फुप्फुसं बिघडली. आधी जिना चढताना धाप लागायची, मग बोलताना, मग नुसतं बसल्या बसल्या. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी भाचीला आणि मला बाजूला घेतलं आणि दोन महिने म्हणाले, फार तर तीन. पेशंटला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. भाचीचे वडील ती शाळेत असतानाच गेले, घरात ह्या दोघीच, त्यामुळे ठरवायला मीच. मी म्हटलं, एवढ्यात नको. भाचीला ते पटलं नव्हतं, पण माझ्या तोंडी लागायची तिला सवय नाही. ताईला आम्ही सांगितलं की औषधं लागू पडायला वेळ लागतो.

घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. पुस्तक हातात धरवेना, चार ओळींत डोळे थकायचे. मग मीच तिला एक मालिका ऐकायला सांगितली. चाळीस भागांची, एकाच वेढ्याची, मी तीन वर्षांपूर्वी ऐकलेली. डोंगरावरचा किल्ला, आत नऊशे माणसं, बाहेर त्यांच्या दहापट, आणि आतल्यांची सगळी भिस्त मदतीला येणाऱ्या फौजेवर. दक्षिणेच्या बुरुजावर कुणी ना कुणी पहारेकरी रात्रंदिवस रस्त्याकडे बघत उभा असतो. प्रत्येक भागाच्या शेवटी सांगणारा त्या पहारेकऱ्यावर येऊन थांबतो.

मी काम आटोपून पाच वाजता जायचो. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. वायर तोकडी, त्यामुळे खुर्ची पलंगाला अगदी चिकटवून बसावं लागे. दुकानात जाणं बंद होऊन महिने झाले तरी तिच्या अंगाला खळीचा वास यायचा. भाग संपला की ती विचारायची, "पहारेकरी आहे ना जागेवर?" मी म्हणायचो, आहे. मग ती मला पिटाळायची, घरी तुझी बायको वाट बघत असेल म्हणून.

अठ्ठाविसावा भाग संपला तो गुरुवार होता. तिने पहारेकऱ्याचं विचारलं नाही. कानातलं टोक काढून हातात धरलं आणि म्हणाली, "मदत येते का रे?"

मी म्हटलं, ऐक की पुढे, कळेल.

"तू सांग. चाळीसपर्यंत माझं काही खरं नाही."

"नियम तुझाच आहे."

"मग मीच मोडते. बटणं निवडेन."

"ते काही नाही," मी म्हणालो. "ज्याचं त्याने ऐकायचं."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, दुकानात एखादा डाग निघेल की नाही हे बघायची तसं. मग इअरफोनची वायर बोटांभोवती नीट गुंडाळली आणि म्हणाली, चहा घेऊन जा. मी चहा न घेताच गेलो.

खरं सांगतो, नियमाचं मला काही पडलेलं नव्हतं. मदत येत नाही. आली असती तर मी तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं आणि आनंदाने महिनाभर बटणं निवडत बसलो असतो. फौज निघतच नाही. किल्लेदाराला तसं पत्र शेवटाच्या आठ दिवस आधीच आलेलं असतं. तो ते घडी करून आत ठेवतो, कुणाला दाखवत नाही आणि दर चार तासांनी बुरुजावरचा पहारेकरी बदलत राहतो, कारण पहारेकरी उभा दिसला की बाकीच्यांना झोप लागते. हे सगळं चाळिसाव्या भागात बाहेर येतं, आणि मग ते आतून दरवाजा उघडतात. हे मी तिला सांगणार होतो का, त्या मशीनच्या घरघरीत, तिच्या कानाशी बसून? माझी जीभ रेटली नाही. मी घाबरलो होतो आणि नियमाच्या आड लपलो, एवढंच.

त्यानंतर ती अकरा दिवस होती. त्यात आमचे तीन भाग झाले. ती पुन्हा शेवटाबद्दल बोलली नाही, मला वाटलं विसरली. उलट तिचा मूड जरा बरा होता. मी जायचो तेव्हा ती तक्क्याला टेकून बसलेली असायची, केस विंचरलेले. कंपाउंडरने ह्या आठवड्यात कुणाच्या घोड्यांना काय खायला घातलं, ते विचारायची. एकतिसावा भाग संपला तेव्हा म्हणाली, पहारेकरी आहे ना जागेवर? मी म्हटलं, आहे. "मग झालं," ती म्हणाली.

भाचीचा फोन मंगळवारी सकाळी आला. मी नुकतंच प्लॅस्टर कालवलं होतं. कालवलेलं प्लॅस्टर फार वेळ थांबत नाही. मी आधी साचा ओतला, वाटी धुतली आणि मग निघालो. ह्याबद्दल मला कुणी बोललेलं नाही, कारण मी कुणाला सांगितलेलं नाही.

तर तो चौथा रविवार. मास्तर आणि कंपाउंडर माझ्या आधीच येऊन बसले होते. ताईची खुर्ची कुणी हलवली नव्हती, आणि तिच्याकडे बघायचं नाही म्हणून दोघं मुद्दाम वरच्या कोटांकडे बघत होते. टेबलावर बरणी नव्हती. तिच्या जागी प्लॅस्टिकच्या लहान लहान पिशव्या ओळीने ठेवलेल्या, एकीत काळी बटणं, एकीत पांढरी, एकीत तपकिरी, पितळी वेगळी. माझं डोकंच फिरलं. भाचीने दुकान आवरायला घेतलं ते ठीक, पण बरणीला हात लावायचं काय कारण होतं? मिसळलेली बटणं निवडत निवडत लढाई मांडायची, त्यातच गंमत होती. मी तसं म्हणालो, जरा मोठ्यानेच. मास्तर म्हणाले, दातवाले, बसा. ते मला दातवालेच म्हणतात.

भाचीने चहा आणून ठेवला आणि ताईचा मोबाइल माझ्यासमोर ठेवला. मास्तरांनी घसा खाकरला. त्यांचं आणि कंपाउंडरचं आधीच ठरलं होतं. ताईंचे नऊ भाग राहिलेत, ते म्हणाले, दर रविवारी इथे बसून एक ऐकू या. तिचं राहिलेलं आपण पुरं करू. कंपाउंडरने नुसती मान हलवली. त्याचे डोळे लाल होते. मला त्याचा हेवा वाटला.

मी म्हटलं, हरकत नाही. मोबाइल उघडला, मालिका काढली. पूर्ण ऐकलेल्या भागापुढे हिरवी खूण येते. मी बोटाने यादी वर सरकवत गेलो. एकपासून एकतीसपर्यंत खुणा. बत्तीस कोरा, तेहतीस कोरा, चौतीस, पस्तीस, सगळे एकोणचाळीसपर्यंत कोरे.

चाळीसपुढे खूण होती.

आधी वाटलं, बोट लागलं असेल. पण बोट लागून खूण येत नाही, भाग शेवटपर्यंत चालावा लागतो, पन्नास मिनिटं. मी मोबाइल घेऊन उठलो आणि पुढे दुकानात गेलो. भाची गल्ल्याजवळ उभी राहून शर्टांच्या कॉलरना नंबराच्या चिठ्ठ्या टाचत होती. मी मोबाइल तिच्यापुढे धरला आणि विचारलं, हे कुणी ऐकलं?

तिने बघितलं आणि पुन्हा कॉलर हातात घेतली.

"आईने. तू गुरुवारी चहा न घेता गेलास ना, त्याच संध्याकाळी. मला म्हणाली, शेवटचा लाव. डोळे मिटून सगळा ऐकला. मला वाटलं झोपली."

"मग?"

"मग म्हणाली, आता परत एकोणतिसाव्यावर आणून ठेव. आणि मामाला सांगू नकोस. तो अजून तिथवर पोहोचलेला नाही."

 ती पुढे बोलत राहिली, हात थांबवला नाही. त्यानंतर तू यायच्या दिवशी आई साडेचारलाच मला हाक मारायची, भाची म्हणाली. मला उठवून बसव, केस विंचर, मामा यायची वेळ झाली. तू गेलास की लगेच आडवी व्हायची, मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलायची ताकद नसायची. मीच तिला एकदा म्हटलं, कशाला एवढं करतेस, त्याला सांगून टाक की तुला सगळं ठाऊक आहे. तर आई म्हणाली, राहू दे, त्याला झोप लागते.

"आणि ती बटणं?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"तिनेच निवडली. पलंगावर ताट घेऊन. चार दिवस लागले, हात थरथरायचे. पांढरी आणि मोतिया तिला वेगळी दिसेनात, तेवढी मी बघून दिली."

समोरच्या शर्टावर एकशे सोळा नंबरची चिठ्ठी होती. मी ती वाचली, परत वाचली. वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. भाचीने माझ्या हातातला मोबाइल घेतला, शर्टाला पुसला आणि परत माझ्या हातात दिला. जा आत, चहा गार होतोय, ती म्हणाली. अगदी ताईच्या आवाजात.

मी आत जाऊन बसलो. पांढऱ्या बटणांची पिशवी उचलून बघितली. दोन-तीन मोतिया त्यात राहूनच गेली होती. मी ती काढली नाहीत. मास्तरांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं. खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे की ही मालिका मी तीन वर्षांपूर्वी संपवलीय. ह्याच टेबलावर मी तिचे सगळे चाळीस भाग सांगितले होते. ताई तेवढे रविवार मुद्दाम पुढे दुकानात जाऊन बसायची, पुढेमागे आपल्याला ऐकायची आहे म्हणून.

 मग मास्तरांनी रीतीप्रमाणे विचारलं, "कुठवर आलात?"

"एकतीस," मी म्हणालो.

कंपाउंडरने माझ्या कपात गरम चहा ओतला. कुणी शेवट सांगितला नाही.